क्रायसोपाची अळी हगते कुठं?

या महिन्याला संपादकांनी चार पत्रं पाठवली आणि वर एक चिठ्ठी टाचली: "सर, चारही प्रश्न पोटाचे आणि मागच्या बाजूचे आले आहेत. जरा जपून लिहा." जपून म्हणजे कसं, ते काही मला उमगलं नाही. सत्तावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातली निम्मी झुरळांची पोटं फाडण्यात गेली. घरी शेती, दारात गुरं. शेणाला शेण म्हणायची सवय आहे, ती आता या वयात कुठं मोडू?

प्रश्न : पोळ्यानंतर आमच्या पऱ्हाटीवर मावा वाढला. पानामागं तांदळाच्या दाण्याएवढी, करडी, तोंडापुढं दोन विळे असलेली अळी दिसली. कृषी सहायक म्हणाले, ही क्रायसोपाची, मित्रकीड आहे, मारू नका. मी ती मुलीच्या रंगाच्या डबीत ठेवली. खाली पांढरा कागद, रोज माव्याचं ताजं पान. नऊ दिवस भिंगातून कागद पाहिला. माव्याची रिकामी सालं दिसली, पण अळीची लेंडी एकही नाही. दुसऱ्या डबीत सोयाबीनवरची उंटअळी होती, तिनं एका रात्रीत कागद भरवला. दहाव्या दिवशी क्रायसोपाच्या अळीनं स्वतःभोवती पांढरी गोळी विणली. आठवड्यानं हिरवा पतंग निघाला, आणि कागदावर एकच काळा दाणा पडलेला दिसला. माझं पाहणं चुकलं का? आमचे घरचे म्हणतात, "खाते पन हागत नाही असं जनावर देवानं केलंच नाही, तुले दिसलं नसन."
– एक शेतकरी महिला, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुम्ही नीट पाहिलंत. क्रायसोपाची अळी अंड्यातून निघाल्यापासून कोशात जाईपर्यंत एकदाही विष्ठा टाकत नाही, कारण टाकायला तिला वाटच नाही. तिचं मधलं आतडं मागून बंद असतं. तुमच्या कागदावरचा तो काळा दाणा म्हणजे तिच्या अख्ख्या बाळपणाचा एकरकमी हिशेब.

मला हे आधी पुस्तकातून कळलं नाही, फजितीतून कळलं. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षाची गोष्ट. झुरळावर हात बसला होता. मेणाच्या ताटलीत पाणी घ्यायचं, टाचण्या लावायच्या, पाठ उघडायची. आत ओळीनं सगळं दिसतं: फुगीर अन्नपिशवी, तिच्यामागं आतून दात असलेली पेषणी, मग सहा ते आठ बंद टोकांच्या नळ्या, मग मधलं आतडं, आणि ते जिथं संपतं तिथं शंभर-दीडशे पिवळ्या धाग्यांचा झुपका. अकरावीच्या पोरांना हे पाठ असतं. मला वाटलं, झुरळ सगळंच खाणारं, यंदा पोरांना एखाद्या शिकाऱ्याचं पोट दाखवू. वावरातून क्रायसोपाच्या अळ्या आणल्या. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब, हातात शिवणाच्या दोन सुया. पाठ उघडली तर आत काळपट तपकिरी पिशवी, अंगभर. तिच्यामागं केसासारखा एक धागा. पिशवी हलकेच दाबली, पण आतला रस त्या धाग्यात काही उतरेना. म्हटलं, माझ्याच सुईनं आतडं पिळलं गेलं. दुसरी अळी घेतली, तेच. तिसरी, तेच. चौथीचंही आतडं नेमकं त्याच जागी पिळलेलं निघालं, तेव्हा मागं उभा असलेला आमचा प्रयोगशाळेचा परिचर म्हणाला, "सर, चारही बारीले एकाच जागी कसं काय बिघडन?" हा प्रश्न खरं तर मला पडायला हवा होता.

बिघडलेलं काहीच नव्हतं. कीटकाचं आतडं तीन तुकड्यांचं असतं. सदऱ्याची बाही उलटून आत ढकलावी तशी पुढून आणि मागून कातडीच आत वळते. त्यातून पुढचं आणि मागचं आतडं होतं. म्हणून कात टाकताना अंगावरच्या सालाबरोबर या दोन्ही तुकड्यांचं अस्तरही निघून येतं. मधला तुकडा वेगळा, त्याला तसं अस्तर नाही. खरं पचन तिथंच होतं. अंड्यात पिल्लू घडताना हे तुकडे एकमेकांना येऊन भिडतात आणि मधले पडदे फाटून सलग नळी तयार होते. क्रायसोपाच्या अळीत पुढचं दार उघडतं, मागचं उघडत नाही. मधलं आणि मागचं आतडं यांच्यामध्ये पेशींचा भरीव दोर राहतो. मला दिसलेला केसासारखा धागा तो हाच.

जुन्या घरांत धान्याची कोठी असायची, आठवते का? वरून धान्य ओतायचं, खाली छोटं तोंड, त्यात चिंध्यांचा बोळा. हंगामभर बोळा काढायचा नाही. तसंच समजा.

आता तुमच्या मनात येईल, नऊ दिवस रोज मावा खाल्ला तर पोट फुटत कसं नाही? त्याचं उत्तर तोंडाशी आहे. ते दोन विळे भिंगाखाली पुन्हा पाहा. एकेका बाजूचा वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर बसून मध्ये पन्हळ तयार होते, म्हणजे दोन्ही विळे पोकळ. आपल्यासारखं उघडणारं तोंड तिला नाहीच; ओठ जागच्या जागी बंद झालेले असतात. विळे माव्यात खुपसायचे, आपला पाचक रस त्याच्या अंगात सोडायचा, आतलं सगळं विरघळलं की डोक्यातल्या स्नायूंच्या पंपानं ओढून घ्यायचं. मोठी अळी एक मावा मिनिटा-दोन मिनिटांत रिकामा करते, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. म्हणजे निम्मं पचन शिकारीच्याच कातडीत उरकतं. पाय, कातडी, पंख असला चोथा बाहेर राहतो, तीच तुमच्या कागदावरची रिकामी सालं. आत जातो तो गाळलेला रस, त्यातून उरणार ते किती? उंटअळीचं उलटं. ती पान चावून गिळते, त्यातला बराचसा भाग पचतच नाही, म्हणून तिला खाणं आणि हगणं बरोबरच चालवावं लागतं.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर कोणीतरी पत्र लिहील. या अळीला गुदद्वार आहे. मधलं आतडं बंद आहे, मागचं नाही. आणि मागच्या आतड्याला तिनं जी कामं लावली आहेत ती मला तर पचनापेक्षा जास्त आवडतात.

पहिलं काम पायाचं. अळी पानावर चालताना शेपटीचं टोक वाकवून पानाला चिकटवते. उलट्या पानावरून ती पडत नाही ती त्यामुळं.

दुसरं काम मूत्रपिंडाचं. झुरळाला शंभर-दीडशे धागे, हिला फक्त आठ. त्या धाग्यांना माल्पिघी नलिका म्हणतात. मार्चेल्लो माल्पिघी हा इटलीतला वैद्य. त्यानं १६६९ साली रेशमाच्या किड्यावर ग्रंथ लिहिला, त्यात या नळ्या पहिल्यांदा आल्या. रक्तातला टाकाऊ माल गाळून त्या मागच्या आतड्यात सोडतात. तो मार्ग मोकळा असल्यानं अळीला लघवीची अडचण नाही, अडकतं ते फक्त जेवणाचं उरलेलं.

आणि तिसरं काम विणकराचं. अळी तीनदा मोठी होते, म्हणजे तिच्या तीन अवस्था. तिसरीत या मूत्रनळ्यांचा मधला भाग जाड होतो आणि लघवीच्या ऐवजी रेशीम बनवू लागतो. ते मागच्या आतड्यात साठतं. मग अळी शेपटीचं टोक कुंचल्यासारखं फिरवत गुदद्वारातून धागा सोडते आणि स्वतःला गुंडाळून घेते. तुमची पांढरी गोळी ती हीच. गडचिरोलीकडं, आरमोरीच्या बाजूला ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडतात, त्या विणतात तोंडानं. त्यांचं रेशीम खालच्या ओठाजवळच्या ग्रंथीतून येतं. गंमत पाहा, माल्पिघीला या नळ्या ज्या किड्यात सापडल्या तो रेशमाचाच किडा, पण त्याच्यात त्यांचा रेशमाशी काही संबंध नाही.

कोशात आतड्याची मोडतोड होऊन नवं आतडं बसतं. आत तयार झालेला पतंग कोशाला गोल झाकण कापून बाहेर येतो, थोडा चालतो, शेवटची कात टाकतो, आणि तोवर मधल्या आणि मागच्या आतड्याची वाट मोकळी झालेली असते. मग बोळा निघतो. काळा, कडक, एकच दाणा.

तेव्हा घरच्यांना सांगा, तेही अर्धे बरोबर आहेत. हागते, पण एकदाच, आणि तेही अळी म्हणून नाही.

पतंग झाल्यावर तिचा संसार पार बदलतो. आपण बोलताना क्रायसोपा म्हणतो, पण आपल्या कपाशीवर जी सापडते तिचं शास्त्रीय नाव आता क्रायसोपर्ला आहे, आणि तिचा पतंग शिकार करत नाही. तो फुलातला मध, पराग आणि माव्यानं पानांवर पाडलेला चिकटा खातो. चिकटा म्हणजे माव्याची विष्ठाच की. लेकरू मावा पितं, माय माव्याचं हगलेलं चाटते, एका घरात दोन चुली. या जेवणात साखर भरपूर, सत्त्व कमी. त्याची सोय अशी की पतंगाच्या अन्ननलिकेला एक मोठी पिशवी असते, तिच्यात किण्व वाढतात, पीठ आंबवणारे असतात त्याच जातकुळीतले. जेवणात जे कमी पडतं ते किण्व पुरवतात, असं मानलं जातं. धुऱ्यावर चवळी, मका, झेंडू लावा म्हणून सांगतात त्याचं एक कारण या पिशवीत आहे.

अंडी ओळखून ठेवा. मादी पानावर चिकट थेंब टेकवते, शेपूट वर उचलते, धागा ताठ होतो आणि त्याच्या टोकावर अंडं. हेही रेशीमच, पण नळ्यांतलं नाही, मादीच्या वेगळ्या ग्रंथीतलं. एकाच किड्याची दोन कारखान्यांतली दोन रेशमं. माझे एक शेजारी अशी पानं घेऊन आले होते, "पऱ्हाटीले बुरशी आली" म्हणून. पंप भरून तयार होता. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून मी भरलेला पंप पाहिला की आधी पान मागून घेतो.

याच गोतातला एक किडा तुमच्या अंगणातही असेल. भिंतीच्या कडेला, पावसाचा शिंतोडा जात नाही अशा बारीक मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असतात. लहानपणी आपण त्यात मुंगी सोडायचो आणि खालून माती उडायची. खड्ड्याच्या तळाशी जी अळी बसते तिचं आतडंही असंच बंद, आणि तिचं बाळपण तर वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. मधमाशीच्या अळीचंही मधलं आतडं खाणं संपेपर्यंत बंदच राहतं. तिथं कारण सरळ दिसतं: ज्या खोलीत जेवायचं त्याच खोलीत घाण कुठं करणार?

प्रश्न : आमच्या गावाच्या बोडीजवळ हात जोडून बसणारा मोठा हिरवा किडा पाण्यात पडलेला दिसला. त्याच्या मागून काळं आतडं बाहेर आलं, हातभर लांब असेल. ते आतडं पाण्यात वळवळत होतं. किडा मेल्यावरही आतडं जिवंत कसं? ते पाणी गुरं पितात, काही होईल का?
– इयत्ता नववीचा विद्यार्थी, जि. गोंदिया

उत्तर : बाळा, ते आतडं नव्हतं. तो दुसराच प्राणी होता.

हात जोडणारा किडा म्हणजे प्रार्थना कीटक. झुरळाचा जवळचा नातेवाईक, त्यामुळं आतून रचना बरीचशी झुरळासारखी. फरक असा की त्याची अन्नपिशवी फार मोठी असते. शिकार रोज मिळेल याचा भरवसा नाही, मिळेल तेव्हा भरून घ्यायची. टोळ खाल्ल्यावर त्याचं पोट फुगलेलं तुला बाहेरूनही दिसेल. पण आतड्याची एकूण लांबी त्याच्या अंगाच्या मानानं बेताचीच. पाला पचवायला लागते तशी लांबलचक नळी मांसाला लागत नाही. हातभर आतडं त्याच्यात मावणारच नाही, आणि मावलं तरी ते काळं नसतं.

तू पाहिलास तो केसासारखा कृमी. त्याची पिल्लं पाण्यात असतात. पाण्यातल्या छोट्या कीटकांच्या अंगात ती शिरून बसतात. ते कीटक पंख फुटून बाहेर उडतात, त्यांना प्रार्थना कीटक खातो, आणि कृमी त्याच्या पोटात पोचतो. आतडं भेदून तो शरीराच्या पोकळीत उतरतो आणि तिथं गुंडाळी करून वाढतो. पूर्ण वाढला की त्याला परत पाण्यात जायचं असतं. तुझा किडा पाण्याकाठी का सापडला, ते आता लक्षात आलं असेल.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते वेगळंच. तू ज्याला आतडं समजलास त्याला स्वतःला कामाचं आतडं जवळजवळ नसतं. यजमानाच्या रक्तातलं अन्न तो कातडीतून शोषतो, आणि बाहेर आल्यावर पुढं काही खातच नाही. गुरांना आणि माणसांना त्याच्यापासून धोका नाही. बोडीच्या पाण्यात गुरांसाठी काळजी करण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी आहेत, पण हा त्यात नाही.

पुढच्या वेळी प्रार्थना कीटक सापडला तर दोन दिवस बरणीत ठेव, झाकणाला भोकं पाड आणि त्याच्या लेंड्या गोळा कर. त्या कोरड्या असतात, कारण आतड्याचा शेवटचा भाग त्यातलं पाणी शोषून परत घेतो. काचेवर पाण्याच्या थेंबात एक लेंडी मोडून भिंगाखाली धर. हा चावून खाणारा, क्रायसोपाच्या अळीसारखा रस पिणारा नाही, म्हणून पायांचे तुकडे, पंखांचे कपटे सगळं सापडेल. काय खाल्लं ते त्याला न विचारता कळतं.

प्रश्न : गुरांच्या हौदात मातकट रंगाचा, सहा पायांचा किडा आहे. काडी लावली की पाय न हलवता सुर्रकन पुढं जातो. मागून पिचकारी सोडतो की काय?
– एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : पिचकारीच. हे चतुराचं पिल्लू. पुढं पंख फुटले की तोच हौदावर घिरट्या घालणारा चतुर. त्याचे कल्ले मलाशयात असतात, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या खोलीत. तिच्या भिंतींना बारीक घड्या असतात. गुदद्वारातून पाणी आत घ्यायचं, त्यातला प्राणवायू काढायचा, पाणी बाहेर सोडायचं, हा त्याचा श्वास. घाबरला की तेच पाणी जोरात आवळून सोडतो आणि पुढं फेकला जातो. श्वास, पळणं आणि हगणं, तिन्ही एकाच दारानं. पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात ठेवा, शेपटीमागं चिमूटभर गाळ टाका. श्वासागणिक गाळ हललेला दिसेल. शेपटीला तीन पानं असतील तर ती टाचणीची, चतुराच्या बारीक बहिणीची; तिचे कल्ले बाहेर. हौद धुताना दोघांनाही परत पाण्यात सोडा, डासांच्या अळ्यांवर जगतात.

प्रश्न : क्रायसोपाच्या पाच अळ्या एका डबीत ठेवल्या. सकाळी एकच होती. झाकण घट्ट होतं. चार गेल्या कुठं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : डबीच्या तळाला चार रिकामी सालं असतील, बघा. मावा संपला की या अळ्या एकमेकींना पितात. प्रयोगशाळेत म्हणूनच प्रत्येकीला वेगळा खण देतात आणि तांदळावरच्या पतंगाची अंडी खाऊ घालतात. अंडीसुद्धा दांड्यावर असतात ती बऱ्याच अंशी याच कारणानं. आधी निघालेलं पिल्लू भावंडं शोधत फिरत असतं. उरलेल्या अळीला आता वेगळं ठेवा, रोज मावा द्या. तिच्या चार बहिणी अजून तिच्या पोटातच आहेत आणि पतंग निघेपर्यंत बाहेर यायच्या नाहीत.